जमदाडे कामावर हजर

आमच्या इमारतीत सहा कंप्युटर आहेत आणि त्या सहांवर सहा वेगवेगळ्या सिस्टिमी आहेत. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजोबांच्या पडद्यावर प्रोग्रॅमच्या चित्रांची पट्टी खाली दिसते, ब्यूटी पार्लरवाल्या सुनीताच्या पडद्यावर ती वर असते, आणि माझ्या लॅपटॉपवर ती मुळात दिसतच नाही. माउस डाव्या कडेला नेऊन जरा वाट पाहिली की दर्शन देते. कुणाला काही अडलं तर शेजारी विचारायची सोय नाही, कारण शेजारचं सगळंच निराळं. हा घोळ एकाच माणसाने घातलाय, आणि अतिशय विचारपूर्वक घातलाय.

तळमजल्यावरचे बब्रुवान सुरवसे. चाकणच्या एका कंपनीतून मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झालेत. मूळचे औशाकडचे, पण काळेवाडीत येऊन जन्म गेला. सगळे त्यांना सुरवसेकाका म्हणतात. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी असते आणि काकांच्या तावडीत सापडते.

आमची गाठ पडली ती लॅपटॉपमुळेच. तो इतका मंद झाला होता की मी त्याचं बटण दाबून कुकर लावायला जायची आणि तिसऱ्या शिट्टीला परत यायची, तरी तो अजून जागाच होत असे. पिंपरीतल्या दुकानदाराने बघून न बघितल्यासारखं करत सांगितलं, नवीन घ्या. हे मी जिन्यात नवऱ्याला सांगत होते आणि काका खाली पाण्याचा नळ बघत होते. ते पाना हातात घेऊनच वर आले.

"मॅडम, मशीन म्हातारं न्हाई झालं. त्याच्यावर बसलेला माणूस जड हाय. माणूस बदला."

"कुठला माणूस?"

"सिस्टिम हो. मशीन चालू केलं की जो आधी उठतो आन् बाकीच्यांना कामाला लावतो, तो."

काका लिनक्सवाले आहेत. ही सिस्टिम कुणा एकाच्या मालकीची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली आहे, तिचे शेकडो प्रकार आहेत आणि ती फुकट मिळते, एवढं मला ऐकून माहीत होतं. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले होते. पण काकांना त्या फुकटाचं काहीच नव्हतं. त्यांचं म्हणणं झाकणाबद्दल होतं. "ज्याचं झाकण निघत न्हाई ते मशीन आपलं न्हाई," असं ते म्हणतात. विकतच्या सिस्टिमचं झाकण म्हणे कंपनीने वितळवून बंद केलेलं असतं. लिनक्सचं उघडतं. आपण ते उघडून काय बघणार आहोत, असं मी विचारलं. काका म्हणाले, "बघायचं न्हाई. पण बघता येतंय, हे मशीनला कळलं पायजे."

मग निवड सुरू झाली. मुलीसाठी स्थळ बघतानाही माणसं एवढी चौकशी करत नसतील. काका आठवडाभर रोज दुपारी आमच्याकडे खुर्ची टाकून बसले, हातात वही. मी लॅपटॉपवर काय करते, किती वेळ करते, कधी उठते, सगळं लिहून घेत होते. कारखान्यात नव्या मशीनवर माणूस लावायच्या आधी असं करतात म्हणे. मी एकदा ती वही वाचली. "३.१० मॅडम निकालपत्रक भरतात. ३.१४ मॅडम चिडल्या. ३.१५ दूध उतू. ३.२२ परत. अजून चिडलेल्या." खाली निष्कर्ष होता: "धीराचा माणूस लागेल."

मग ते गळ्यात तीन पेन ड्राइव्ह अडकवून आले. लाल दोरा, हिरवा दोरा, पांढरा दोरा. सिस्टिम आत न बसवता नुसती पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते, मशीनला धक्का लागत नाही. ही ट्रायल. लाल दोऱ्यातली दिसायला सुरेख होती. मी म्हटलं, हीच द्या. काकांनी मान हलवली. "लई नटतंय हे. तुमच्या मशीनला सोसायचं न्हाई." हिरव्या दोऱ्यातली दर दोन दिवसांनी काहीतरी नवीन उतरवून घ्या म्हणायची. "ह्याला रोज उचल पायजे," असं म्हणून काकांनी तिलाही घरी पाठवलं. पांढऱ्या दोऱ्यातली मात्र करड्या रंगाची, गप्प, उठायला जराशी आळशी, पण एकदा उठली की दिवसभर तक्रार नाही. काका खूश झाले. "हा जमदाडे," म्हणाले.

मला वाटलं, सिस्टिमचं नाव जमदाडे. आता मी मराठी शाळेतली बाई, जगात काय काय नावं ठेवतात ते मला काय ठाऊक? तेव्हापासून लॅपटॉप चालू केला की पडद्यावर अक्षरं उमटायची: "जमदाडे कामावर हजर." कुलकर्णी आजोबांकडे "वाघमोडे कामावर हजर", सुनीताकडे "काझी कामावर हजर". बाकीचे तिघे तुपे, लोखंडे आणि इंगळे. आम्ही बायका जिन्यात एकमेकींना विचारायचो, "तुझा काझी कसा आहे?" "बरा आहे गं, पण प्रिंटर दिसला की बावचळतो." एकदा शाळेत कंप्युटरच्या सरांना मी मोठ्या ऐटीत सांगितलं की माझ्याकडे आता जमदाडे आहे. त्यांनी दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी हळूच येऊन विचारलं, "मॅडम, हे अजून बाजारात यायचंय का?"

बसवलेली सिस्टिमही लगेच कायम होत नसे. सहा महिने ट्रेनी. पहिल्या दिवसापासून काकांचं कार्ड लॅपटॉपच्या पिशवीला लटकलेलं, तपासणीची तारीख, सही, पुढची तारीख. तपासणी दर गुरुवारी. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, आणि मशीन बंद असतं तेव्हाच मेंटेनन्सवाल्याचं खरं काम असतं. त्यामुळे काकांनी नोकरीतला एकही गुरुवार घरी काढलेला नाही. निवृत्तीनंतर पहिल्या गुरुवारी ते सकाळी सातला डबा भरून निघाले होते, फाटकापर्यंत जाऊन परत आले, असं सुनीता सांगते. आता गुरुवारी ते स्वच्छ दाढी करून, खिशाला टेस्टर लावून, एकेका दारात उभे राहतात. "काय म्हणायलाय जमदाडे?" मी म्हणते, ठीक आहे. तरी ते आत येतात, पंख्याची जाळी पुसतात, काही बटणं दाबतात, कान लावून ऐकतात. लॅपटॉपला कान लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि सहा महिने बिनतक्रार गेले की समारंभ. काका इस्त्रीचा शर्ट घालून, पाव किलो पेढे घेऊन आले. त्यांनी एक कागद काढला आणि उभ्यानेच वाचायला घेतला. "श्री. जमदाडे यांस. आपली सेवा समाधानकारक आढळून आल्यामुळे आपणांस आजपासून कायम करण्यात येत आहे. आपणांस पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा." खाली सही, बब्रुवान सुरवसे. तो कागद त्यांनी माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवला. मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाले. नवरा शहाणा, त्याने गंभीर चेहरा करून पेढा खाल्ला आणि लॅपटॉपचं अभिनंदन केलं.

काकांच्या स्वतःच्या, या सहांखेरीजच्या सातव्या कंप्युटरवर मात्र कुणी टिकत नाही. कंपन्यांत टेम्पररी माणसाला सात महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात, आणि मन असलं तर परत बोलावतात. काका आपल्या सिस्टिमला बरोबर सात महिन्यांनी ब्रेक देतात आणि नवी भरती करतात. मी एकदा विचारलं, "तुमची कधी पर्मनंट करणार?" ते म्हणाले, "माझं झालंय एकदा. बास."

काकू मुलीकडे हैदराबादला असतात. नातवाला सांभाळायला सहा महिन्यांसाठी गेल्या, त्याला आता तीन वर्षं होतील. फोन येतो, पण नातू मध्येच ओढून घेतो, त्यामुळे काकांना बहुतेक वेळा नातवाच्या बोबड्या तेलुगूचा आणि काकूंच्या "जेवलात का"चा लाभ होतो. ते खिचडी करतात. दोन्ही वेळा. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

झालं असं, की शाळेने एक नवीन फर्मान काढलं. निकाल एका ठरावीक प्रोग्रॅममध्येच भरायचे, आणि तो प्रोग्रॅम फक्त विकतच्या सिस्टिमवर चालणार. मुदत आठ दिवस. मी काकांना सांगितलं, जमदाडे काढा आणि जुनं होतं ते बसवा.

काका हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. "काढा म्हणजे? लेटर दिलंय त्याला."

"दिलंय ना, मग फाडू या."

"पर्मनंट माणसाला असं काढता येत न्हाई मॅडम. आधी नोटीस द्यावी लागती. त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतंय."

एरवी मी हे चालवून घेतलं असतं. पण चाळीस मुलांचे निकाल डोक्यावर होते, मुख्याध्यापकांचा दिवसातला तिसरा फोन येऊन गेला होता, आणि काका कार्डावर पुढच्या गुरुवारची तारीख टाकत होते. माझा तोल सुटला. मी म्हटलं, "काका, पुरे झालं! तो माणूस नाहीये! माणूस असल्यासारखं काय करताय? सगळी इमारत हसते तुम्हाला!"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. चहा अर्धा होता, तो ठेवला. "हसत्यात व्हय?" एवढंच म्हणाले आणि गेले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. माझ्याकडेच नाही, कुणाकडेच नाही. कुलकर्णी आजोबा खुर्ची दाराशी घेऊन बसले होते. सुनीताचा काझी प्रिंटरशी भांडून ठप्प पडला होता, तिने खाली जाऊन दार वाजवलं, तर काका आतून म्हणाले, बरं नाही. त्याच्या पुढचाही गुरुवार तसाच गेला. निकाल मी शाळेत थांबून थांबून तिथल्या कंप्युटरवर भरून टाकले होते, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं बोलले ते कामही माझं त्यांच्याशिवाय झालं होतं. मला माझीच लाज वाटायला लागली. तिसऱ्या गुरुवारी शाळेतून आल्यावर मी वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेतली आणि खाली गेले.

दार उघडंच होतं. काका कंप्युटरपुढे बसले होते, पण कंप्युटर बंद होता. मी माफी मागितली. ते घाईघाईने उठले आणि म्हणाले, "तुमचं काम झालं असतं मॅडम. दोघं राहतात एका मशीनवर. जागा वाटून द्यायची. फर्स्ट शिफ्टला शाळेवाला, सेकंडला जमदाडे. अर्ध्या तासाचं काम व्हतं. मीच बोललो न्हाई. तुमी काढा म्हणला, आन् मला काय सुचंना."

"काका, जमदाडे कोण आहे?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

त्यांनी माझ्या हातातली चटणीची वाटी घेऊन टेबलावर ठेवली. मग सांगितलं. कंपनी तेव्हा भोसरीत होती. मेंटेनन्सला सात टेम्पररी पोरं एकदम लागली होती, वाघमोडे, काझी, तुपे, लोखंडे, इंगळे, जमदाडे आणि हे. सातही जण काळेवाडीत एकाच खोलीत राहायचे. कॉट तीन. ज्याची पाळी संपेल तो येऊन झोपायचा, जो उठेल तो कामाला जायचा, अंथरूण कधी गार पडायचं नाही. सात महिने काम, मग ब्रेक, मग परत सात महिने, असं चार वर्षं चाललं. सगळ्यांना एकच आशा, की या खेपेला कायम करतील.

"एक दिवस मला हापिसात बोलावलं. लेटर दिलं. मी पळतच सुटलो मॅडम. मला वाटलं, सगळ्यांचंच झालं. वाटंत पेढे घेतले. सगळ्यांपुरते घेतले. खोलीवर आलो तर पाच जणांच्या ट्रंका नव्हत्या. सकाळीच त्यांना ब्रेक दिल्ता, आन् परत बोलावणार न्हाई म्हणून सांगितलं व्हतं. गावाकडं निघून गेले. एकटा जमदाडे व्हता, ट्रंकेला दोरी बांधत. माझ्या हातात पुडा. काय बोलावं? त्यानंच हात पुढं केला. पेढा तोंडात टाकला, म्हणला, 'गोड हाय.' आन् ट्रंक उचलून गेला."

"मग?"

"मग काय. त्याच्यावर मी चौतीस वर्षं नोकरी केली."

त्यानंतर त्यांनी कुणालाच पत्र टाकलं नाही. काय तोंडाने टाकायचं, असं त्यांना वाटायचं. पण खबर ठेवली होती. तुप्यांची शेती आहे, काझींचं गॅरेज, लोखंडे वारले. जमदाड्यांची करमाळ्याच्या अलीकडे एका गावात पिठाची गिरणी आहे. निवृत्त झाल्यावर काका तिथे जाऊन आले होते. रस्त्याच्या अलीकडे, पानाच्या टपरीपाशी, तासभर उभे राहिले. मोबाइलमध्ये गिरणीच्या पाटीचा फोटो काढला आणि पुढच्या एस.टी.ने परत आले.

"रस्ता का नाही ओलांडलात?"

"गिऱ्हाईक व्हतं त्याच्याकडं," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडून तो फोटो मागून घेतला. पाटीवर नंबर होता. पुढचं मी विचार न करता केलं, विचार केला असता तर धीर झाला नसता. मी माझ्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे प्रचंड घरघर आणि तिच्या वर ओरडणारा एक माणूस. "हॅलो! कोण? हॅलो!"

काकांनी दोन्ही हात हलवून मला खूण केली. बंद करा, बंद करा. मी फोन ठेवला. मला वाटलं, ते रागावतील. पण ते काही वेगळंच ऐकत होते.

"पट्टा घसरायलाय," ते म्हणाले.

"कसला पट्टा?"

"गिरणीचा. ऐकलं न्हाई का तुमी, मधीच चिरकतंय? मोटर पुढं सरकली असंल. चार बोल्ट ढिले करायचे, मोटर मागं वढायची, परत कसायचं. न्हाईतर महिन्याभरात पट्टा जळतोय. सांगाया पायजे व्हतं."

"मग लावते परत, सांगा."

"नको. उद्या बघू."

तेवढ्यात माझाच फोन वाजला. तोच नंबर. काका खुर्चीतून उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी फोन घेतला. "आत्ता ह्या नंबरवरनं फोन आल्ता," पलीकडचा माणूस घरघरीवरून ओरडला. "दळणाचं काय काम हाय का?"

मी शिक्षिका आहे, मला पाठ केलेलं म्हणायची सवय आहे. मी म्हटलं, "तुमच्या गिरणीचा पट्टा घसरतोय. चार बोल्ट ढिले करून मोटर मागे ओढून घ्या, नाहीतर महिन्याभरात पट्टा जळेल."

पलीकडे एकदम शांत. म्हणजे माणूस शांत, गिरणी चालूच.

"बाई, तुमी कुठनं बोलताय?"

"काळेवाडीतून."

मग तो माणूस बोलला, पण आता ओरडत नव्हता, त्यामुळे मला कान देऊन ऐकावं लागलं.

"बब्र्या हाय का तितं?"

मी फोन काकांच्या कानाशी नेऊन धरला. ते वळले नाहीत. फोनमध्ये नुसती ती घरघर, आणि मध्येच चिरकणारा पट्टा.

मग तिकडे गिरणी बंद झाली.